जरासे काजवे

आमच्या ग्वाचिपिलीन गावात कुणी कधी फार आजारी नसतं. जरासं असतं.

माझे सासरे लाकडं फोडताना कुऱ्हाड पायावर घेऊन घरी आले, तेव्हा उंबऱ्यात रक्ताचं थारोळं झालं होतं. आणि ते मला म्हणाले, "जरासं लागलंय, एमेरिता. एखादं फडकं असेल तर बघ." माझ्या आईच्या शेवटच्या दिवसात पाद्री तिला मरणाआधीचं पवित्र तेल लावायला आले. तिनं डोळे उघडून त्यांना सांगितलं, "बसा फादर, जरासा थकवा आहे. कॉफी घेतल्याशिवाय जाऊ नका." फादरनी कॉफी घेतली. कप खाली ठेवला तोवर आई गेली होती.

आलेल्या माणसापुढे आपलं दुखणं ओतायचं नसतं. तो डोंगर चढून आलेला असतो, त्याचं स्वतःचं काही असतंच. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, पण मूल बोलायला लागतं तेव्हा या शब्दासकटच बोलायला लागतं.

सरकारनं गावात पहिल्यांदा डॉक्टर पाठवला तेव्हा मी नवी सून होते. डॉक्टर आरिस्तिदेस त्यांचं नाव. शिकून झाल्यावर एक वर्ष खेड्यात काढायचं असतं, तसे आले होते. कोवळा माणूस, मिशीसुद्धा धड नव्हती. खेचरावरून उतरले तेव्हा पाय फाकवूनच चालत होते आणि आम्ही बायका शालीआड हसत होतो. पहिल्याच महिन्यात वरच्या वाडीतली हासिंता त्यांच्याकडे गेली. पोटात जरासं दुखतंय म्हणाली. त्यांनी पातळ औषध दिलं. हासिंता घरी परतली आणि दोन दिवसांत गेली. आतडं फुटलं होतं. डॉक्टर चर्चच्या पायरीवर बसून लहान पोरासारखे रडले. कुणी त्यांना एक शब्द बोललं नाही. त्याचंच त्यांना जास्त लागलं असावं.

त्यानंतर ते घरोघरी जेवायला लागले. आज आमच्याकडे, उद्या शेजारी. चुलीपाशी लाकडी ओंडक्यावर बसायचे, मक्याची भाकरी मीठ लावून खायचे आणि नुसते बघत राहायचे. आणि मग एक दिवस त्यांना आमची किल्ली सापडली. नाडी धरायच्या आधी ते आजाऱ्याला सोडून घरच्यांना विचारायला लागले, "आज चूल कोणी पेटवली?" पुरुष आजारी असला तर, "आज गुरांना पाण्यावर कोणी नेलं?" बाई जरासं दुखतंय म्हणाली आणि चूल तिनंच पेटवलेली असली, तर खरंच जरासं असायचं. चूल शेजारणीनं पेटवलेली असली की डॉक्टर जागचे उठायचे, खेचरावर खोगीर चढवायचे.

वर्षासाठी आले होते, ते लग्नाचं वय उलटेपर्यंत राहिले. गेले तेव्हा अख्खा गाव त्यांना नदीच्या उतारापर्यंत पोचवायला गेला होता. अजूनही कुणाची चूल उशिरा पेटली की आम्ही म्हणतो, आरिस्तिदेसला बोलवा.

मी हे सगळं सांगते, कारण शिकायला माणसं लागतात हे मला कळतं. डॉक्टर आरिस्तिदेसही आमच्यावरच शिकले. पण ते राहिले. माती उकरून हासिंताच्या थडग्यावर त्यांनी स्वतः क्रूस रोवला.

मग रस्ता आला. आणि रस्त्यावरून पिवळी बस आली, उत्तरेकडच्या श्रीमंत देशातल्या विद्यार्थ्यांची. दर वर्षी, कॉफीची तोडणी संपत आली की यायचे. एक आठवडा शाळेत मुक्काम. पोरांना सुट्टी. सगळ्यांचे एकाच रंगाचे टी-शर्ट, सगळ्यांच्या गळ्यात छाती तपासायची नळी.

"आपल्या गाईंच्या गळ्यात घंटा बांधतो ना, तशी," फिदेलिना म्हणायची. "हरवू नयेत म्हणून."

फिदेलिना माझी कोमाद्रे. माझ्या लिसांद्रोला बाप्तिस्म्याच्या वेळी तिनंच हातावर घेतलं होतं. आमच्यात हे नातं सख्ख्या बहिणीहून जवळचं, आणि भांडायला तर त्याहून सोयीचं.

ती मुलं डॉक्टर नव्हती. डॉक्टर व्हायचं शिक्षणही अजून सुरू झालेलं नव्हतं. पुढेमागे व्हायची इच्छा असलेली मुलं होती ती. त्यांच्यात खरी डॉक्टर एकच, पांढऱ्या केसांची बाई, आणि ती सबंध दिवस दात काढणाऱ्यांच्या खोलीत. बाकी आम्ही रांगेत बसायचो आणि ती मुलं आमच्या दंडाला रक्तदाबाची पट्टी गुंडाळायची. एकानं गुंडाळली की दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. त्यांना सराव हवा होता. माझा हात संध्याकाळपर्यंत निळा पडायचा. गोड हसायची पोरं. गावच्या पोरांना फुगे वाटायची. आम्हाला जंताच्या गोळ्या, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, दात घासायचा ब्रश. आणि आम्ही कोंबड्या कापायचो, कारण पाहुणे होते.

त्यांच्या येण्यानं एक मात्र व्हायचं. आमच्या दवाखान्यातली नर्स दिलिया, बारा महिने एकटीनं तो दवाखाना चालवणारी, तिला त्या आठवड्यात वरून हुकूम यायचा. गावात विद्यार्थी आहेतच, तू खाली प्रशिक्षणाला ये. दिलिया दवाखान्याला कुलूप घालायची आणि किल्ली पर्समध्ये टाकून जायची.

आता नेरियाचं सांगते.

रेइनेरिया माझी सून, लिसांद्रोची बायको. आम्ही नेरिया म्हणतो. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पोटात काही टिकत नव्हतं. हे टिकलं. आठवा महिना लागला होता. लिसांद्रो खालच्या मळ्यांवर तोडणीला गेला होता. जाताना मला म्हणाला, "आई, हिला फार वाकू देऊ नकोस."

"मी काय तिला नांगराला जुंपते का?" मी म्हटलं.

"तसं नाही. तू म्हणशील बस, ती बसणार नाही. तू तिच्यावर बस."

नेरिया हसून हसून पाणी प्यायला गेली. शेवटच्या आठवड्यांत पाय सुजले होते तिचे, चप्पल चढत नव्हती. दिलियानं एकदा बघून सांगितलं होतं, दर दोन-तीन दिवसांनी येऊन रक्तदाब बघून जा, मला ही सूज आवडत नाहीये. मग दिलियाला खाली बोलावलं गेलं. जाताना ती घरावरून गेली. "शाळेत जाऊन दाखव," तिनं नेरियाला सांगितलं. "पट्टी तर त्यांच्याकडेही आहे."

त्या दिवशी मी शाळेच्या मागे मुलांच्या जेवणाचं बघत होते, मोठ्या पातेल्यात घेवडा शिजत होता. नेरिया आत रांगेत होती. संध्याकाळी घरी आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?"

"गोड मुलगी होती, आई. हेली नाव. तिनं पट्टी बांधली, मग डोकं हलवलं, परत बांधली. मग तिच्या मैत्रिणीनं बांधली. मग दोघी हसल्या आणि मशीनला टिचक्या मारल्या."

"का?"

"एल्विन म्हणाला, त्यांना वाटलं मशीन बिघडलंय. आकडा फार मोठा येत होता म्हणे. मग त्यांनी मधलाच कुठला तरी लिहिला."

एल्विन त्यांचा दुभाष्या. जन्म आमच्याच देशातला, पण वाढला उत्तरेत. मोठा झाल्यावर परत आला. आमची बोली त्याला पोटापुरती यायची. भाकरी, पाणी, रस्ता, किती, कुठे. बाकी शब्द त्याच्या डोक्यावरून जायचे, पण ते तो कबूल करायचा नाही.

"आणि तू काय सांगितलंस?"

"सांगितलं की. डोकं जरासं दुखतं. आणि जरासे काजवे दिसतात."

मी हातातला कांदा खाली ठेवला. डोळ्यांपुढे काजवे चमकणं म्हणजे काय ते आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं. उपाशी माणूस उन्हात उठून उभा राहिला की चमकतात. पोटुशीला चमकले तर सुईण आधी क्रूसाची खूण करते आणि मग तिला उचलून खाली न्यायला पुरुषांना हाक मारते.

"मग?"

"एल्विननं सांगितलं त्यांना. ती हेली एकदम खूश झाली. टाळ्या वाजवल्या. म्हणाली, किती सुंदर. तिच्या गावी म्हणे आता काजवे उरलेच नाहीत. कुठे दिसतात, विचारत होती. सगळ्यांना बघायला घेऊन जा म्हणत होती." नेरियानं खिशातली पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि हिरवा ब्रश. "मी काय बोलणार, आई? पोर इतकी आनंदात होती."

मी तिचा चेहरा दिव्याकडे वळवला. पापण्या सुजलेल्या. "उद्या सकाळी पुन्हा जायचं," मी म्हटलं. "मी येते. त्या पांढऱ्या केसांच्या बाईकडे."

"उद्या त्यांचा निरोपाचा कार्यक्रम आहे. तुम्हालाच बोलायचंय ना?"

होतंच ते. गावातली सगळ्यांत म्हातारी म्हणून दर वर्षी आभार मानायचं काम माझ्याकडे होतं.

सकाळी मला जाग आली ती गारठ्यानं. घरात धूर नव्हता. नेरिया माझ्याआधी उठते, लग्न होऊन आल्यापासून तिनं एक दिवस चुकवला नव्हता. मी उठून बघितलं. ती चुलीपुढे बसली होती, हातात काडेपेटी. काडी सापडत नव्हती तिला. पेटी उघडी होती आणि काड्या तिच्या मांडीवर सांडल्या होत्या.

"जरासं धुरकट दिसतंय," ती म्हणाली.

फिदेलिनाला हाक मारली. दोघींनी मिळून नेरियाला उठवलं. गावात एकच पिकअप, ती कॉफीची पोती घेऊन पहाटेच खाली गेलेली. दवाखान्याला कुलूप. खेचरावर बसवायची तिची अवस्था नव्हती. राहिली ती पिवळी बस.

शाळेच्या अंगणात बस उभी होती, मुलं सामान चढवत होती. बर्फाचे डबे, टॉवेल, गोल रबरी टायर. कार्यक्रम झाला की वाटेत धबधब्यावर पोहायला जायचं होतं त्यांना. मी एल्विनला गाठलं.

"पोरा, सुनेला इस्पितळात न्यायचंय. बस हवी."

"आजी, बस फक्त विद्यार्थ्यांसाठी असते. नियम आहे. विम्याचं असतं काही तरी."

"मग त्या डॉक्टरीणबाईंना बोलाव."

"त्या सामान मोजतायत. काय होतंय पण तिला? कालच तर बघितलं ना. ठीक होती."

"आज चूल तिनं पेटवली नाही."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याला भोपळ्याचा भाव सांगत होते. "आजी," तो म्हणाला, "पोरं तयार आहेत, गाणं सुरू होतंय. तुम्ही आधी बोला, मग बघू. तुमच्यासाठी सगळे थांबलेत."

फिदेलिना माझ्या कानाशी म्हणाली, "बोल मग. त्यांना ऐकायचंय ना, ऐकव."

नेरियाला आम्ही सावलीत खुर्चीवर बसवलं, डोळ्यांवर शाल टाकली. शाळेच्या पोरांनी कागदी फुलं हलवून गाणं म्हटलं. मग एल्विननं माइक माझ्या हातात दिला. समोर ती सगळी मुलं मांडी घालून बसलेली, उन्हानं लाल झालेली, डोळ्यांत आधीच पाणी यायला लागलेलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी पाहुण्यांसमोर जरासं म्हटलं नाही. म्हटलं, "माझी सून तिथे बसली आहे. ती फार आजारी आहे. तिच्या पोटात माझ्या मुलाचं मूल आहे. काल तिनं तुम्हाला सांगितलं की काजवे दिसतात, ते रानातले काजवे नव्हेत, ते तिच्या डोळ्यांत आहेत, आणि असे काजवे दिसलेल्या बायका मी पुरलेल्या आहेत. तुमच्या बसमधून तिला आत्ता खाली न्या. धबधबा कुठे पळून जात नाही."

एल्विन माझ्याकडे बघत राहिला. मग मुलांकडे वळून तो त्यांच्या भाषेत बोलला. थोडंच बोलला. मी जेवढं बोलले त्याच्या निम्मंही नाही.

आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

उभं राहून वाजवल्या. हेली नावाची ती मुलगी रडत रडत पुढे आली आणि तिनं मला मिठी मारली. तिच्या खांद्यावरून मला नेरिया दिसत होती. शाल खाली सरकली होती आणि ती हातानं हवेत काही तरी बाजूला सारत होती, माशा हाकलाव्या तसं.

"काय सांगितलंस रे त्यांना?" मी एल्विनला विचारलं.

त्यानं मान खाली घातली. "आभार मानले. आजी, निरोपाचा कार्यक्रम आहे हा..."

पुढे मी काय केलं ते फिदेलिना अजून सांगत फिरते आणि दर वेळी त्यात भर घालते. तिच्या सांगण्यात मी एल्विनच्या कानाखाली वाजवते. मी वाजवली नाही. मी हेलीचं मनगट धरलं, म्हातारीच्या हातात किती जोर असतो ते तिला तेव्हा कळलं असेल, आणि तिला ओढत नेरियापाशी नेलं. तिच्या खांद्यावरची पिशवी उघडली, आतली पट्टी काढली आणि नेरियाच्या दंडाला गुंडाळली. आठवडाभर माझ्या हाताला गुंडाळली होती. एवढं तर मलाही जमत होतं. रबरी फुगा हेलीच्या हातात दिला आणि बोटानं दाखवलं, दाब.

तिनं दाबला. काट्याकडे बघितलं. मशीनला टिचकी मारायला तिनं बोट उचललं आणि मग नेरियाच्या तोंडाकडे बघितलं. बोट तसंच राहिलं. आणि ती ओरडत त्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावली.

त्या आल्या. त्यांनी एकदाच पट्टी बांधली, एकदाच बघितलं. गुडघ्यावर बारीक हातोडी मारली तर नेरियाचा पाय लाथ मारल्यासारखा उडाला. त्या बसच्या चालकाला, तुलियोला, काही तरी बोलल्या, आणि ती भाषा न समजताही त्यानं चावी फिरवली. तो आमच्याच भागातला. त्याच्या बायकोनंही कधी तरी काजवे बघितले असतील.

त्यांच्या पेट्यांमध्ये हजारो गोळ्या होत्या. नेरियाला लागणारं औषध त्यात नव्हतं. कधी लागेल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

मागच्या बाकावर टॉवेल पसरून तिला झोपवलं. रबरी टायर खिडकीतून बाहेर फेकले. ओढ्यापाशी रस्ता वळतो तिथे तिला झटका आला. दात आवळले, डोळे पांढरे झाले. हेली तिचा हात धरून होती. पुढच्या बाकावरच्या एका पोरानं फोन वर धरून फोटो काढला. का काढला, मी त्याला विचारलं नाही. माझा हात नेरियाच्या जबड्याखाली होता.

खालच्या इस्पितळातली डॉक्टर आमच्यातलीच, दमलेली बाई. तिनं नेरियाला आत घेतलं. बऱ्याच वेळानं बाहेर आली.

"आई जगेल," ती म्हणाली. "बाळ गेलं, आजी. मुलगा होता. कालपर्यंत होता." मग तिनं विचारलं, "काल का नाही आणलंत?"

"काल दाखवलं होतं," मी म्हटलं.

"कुणाला?"

मी बाकाकडे बोट केलं. हेली तिथे गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. डॉक्टरनं तिच्याकडे बघितलं, तिच्या टी-शर्टकडे बघितलं आणि आत गेली.

मग हेली माझ्या खांद्यावर पडून रडली. माझ्या सुनेचं मूल गेलं होतं आणि समजूत मी तिची घालत होते. पाठ थोपटत होते. पाहुणी होती ना.

एल्विन पाण्याचा पेला घेऊन आला. "आजी, मला खरंच कळलं नाही," तो म्हणाला. "काजवे म्हणजे काजवेच वाटले मला."

"ते काल. आणि आज सकाळी? आज तर मी फोडून सांगितलं."

"ते घाबरले असते. अशानं पुढच्या वर्षी येत नाहीत."

लिसांद्रो मळ्यावरून आला. लहानशी पेटी त्यानं स्वतः केली. गावात माझ्या नवऱ्याच्या थडग्याशेजारी आम्ही बाळाला ठेवलं. नेरिया तेव्हा इस्पितळातच होती. तिनं त्याला बघितलंही नाही. परत आल्यावर ती पहिल्याच सकाळी उठून चूल पेटवायला गेली, आणि मी तिच्या हातातून काडेपेटी काढून घेतली. पुष्कळ दिवस मीच पेटवली.

लोक म्हणतात, मुलं चांगली होती, त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं हे मलाही मान्य. काजवे कसले, हे एकदाही विचारलं नाही, ते मला मान्य नाही. आणि आकडा दिसत असताना मशीनला टिचक्या मारल्या, तेही नाही. आमच्या दंडावर एवढा मोठा आकडा येऊ शकतो, यापेक्षा मशीन बिघडलं असेल हे त्यांना सोपं वाटलं.

पुढच्या वर्षी तोडणी संपत आली आणि पिवळी बस आली. दिलियाला हुकूम आला, तिनं कुलूप घातलं, या वेळी आमच्या घरी येऊन बसली आणि मग गेली. गावपंचायतीचा माणूस सांगायला आला, जेवणाचं नेहमीसारखं बघा. मी म्हटलं, मी येणार नाही.

नेरिया म्हणाली, "मी जाते, आई. घरी बसून तरी काय करू?"

"तू? तिथे?"

"फिदेलिनामावशी आहेत ना. मला हात चालवायचेत."

मग मीही गेले. तिला एकटीला कशी सोडू?

शाळेच्या मागे आम्ही बायका बसलो होतो. नेरिया मक्याचं पीठ मळत होती, चुलीवर मोठा तवा तापत होता. नवी पोरं होती, हेली नव्हती. एल्विन होता. तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता, पण कॉफी मात्र मागून गेला. थोड्या वेळानं दोन मुली फोटो काढायला आल्या. एक नेरियाशेजारी उकिडवी बसली, पिठात बोट घालून हसली. तिच्या टी-शर्टच्या पाठीवर चित्र होतं. काळं पाखरू, पोटाशी पिवळा ठिपका.

नेरियानं हात थांबवले. "हे कसलं पाखरू आहे, एल्विन?"

एल्विननं ऐकलं नाही असं केलं.

"अरे विचारतेय ती," फिदेलिना म्हणाली. "दुभाष्या ना तू? मग दुभाष."

"काजवा आहे," तो म्हणाला.

तव्याखालचं लाकूड तडतडलं.

"हेलीनं लिहिलं होतं," तो भरभर बोलायला लागला. "गावाबद्दल. इथल्या एका बाईनं तिला सांगितलं की मला काजवे दिसतात, आणि तिचं आयुष्य बदललं, असं काही तरी. लोकांना फार आवडलं ते. तिला मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळाला, डॉक्टरकीचा. मग या वर्षी सगळ्यांनी ठरवलं की टी-शर्टवर... खाली लिहिलंय, काजव्यांच्या गावाला उजेड." त्याचा आवाज बारीक झाला. "त्यांना अर्थ माहीत नाही, वहिनी. आईची शप्पथ."

"तुला तर माहीत होता," नेरिया म्हणाली.

तिनं पीठ ओल्या फडक्यानं झाकलं. हात धुतले, नखांतलं पीठसुद्धा काढलं. मग तेच पाणी तिनं चुलीत ओतलं. वाफेचा लोट उठला, ती मुलगी खोकत मागे सरली. नेरिया घराकडे चालायला लागली.

फिदेलिनानं आपली टोपली उचलली. "पुढच्या वर्षी आली नाहीत तर?" शेजारची एक बाई पुटपुटली.

"तर दिलियाला दवाखान्याला कुलूप लावावं लागणार नाही," फिदेलिना म्हणाली. "ऊठ."

एकेक करून सगळ्या उठल्या. मी सगळ्यांत शेवटी, गुडघ्यांमुळे.

दुपार कलली तेव्हा एल्विन दारात आला. घामाघूम झाला होता. गावभर फिरून आला असावा. "आजी, मुलं उपाशी आहेत. सगळ्या बायका घरी निघून आल्या. फिदेलिनामावशी म्हणतात बरं नाही, वरच्या वाडीत म्हणतात बरं नाही. काय झालंय काय गावाला?"

"बरं नाहीये," मी म्हटलं.

"सगळ्यांनाच? काय होतंय? कुणाला पाठवू का पट्टी घेऊन?"

तो उंबऱ्यातच होता. तिथून आमची चूल समोर दिसते. चुलीत गार राख होती, वर तवा उपडा घातलेला. त्यानं ते बघितलं. बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे वळला, तसाच वाट बघत, वही-पेन घेऊन रांगेपुढे उभा राहायचा तसा.

आतून, खाटेवरून, नेरियानं उत्तर दिलं.

"जरासं," ती म्हणाली.